गाडी येईपर्यंत



१०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेचा सायरन आपण अनेकदा ऐकला असेल. रस्त्याच्या कडेला थांबून, आत कोण आहे हे ठाऊक नसतानाही, 'देवा, त्याला सुखरूप ठेव' असे मनोमन म्हटलेही असेल. गेल्या आठ महिन्यांपासून मी त्या गाडीच्या आत बसते. आयुर्वेदाची पदवी घेतल्यानंतर आपत्कालीन सेवेचे प्रशिक्षण पूर्ण करून मी या कामावर रुजू झाले. बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके, त्यांतील वाड्यावस्त्या, नीरा डाव्या कालव्याच्या कडेचे कच्चे रस्ते आणि भिगवण-इंदापूरकडून जाणारा पुणे-सोलापूर महामार्ग, एवढे माझे कार्यक्षेत्र.

या कामात मी अजून नवखीच आहे. तरीही आपल्याशी बोलण्याचे धाडस करते आहे. कारण या आठ महिन्यांत मला सर्वांत जास्त भेटली ती आपल्या वयाची माणसे, आणि त्यांना जपणाऱ्या लेकी, सुना, मुलगे, नातवंडे. त्यांच्याकडून जे शिकले, ते आपल्यापर्यंत पोहोचवावे एवढाच हेतू आहे.

गाडीतला दिवस

पाळी सुरू होते ती तपासणीने. प्राणवायूची नळकांडी भरलेली आहेत ना, घशातील स्राव ओढून घेणारे यंत्र चालते ना, हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राची बॅटरी पूर्ण आहे ना, रक्तातील साखर मोजण्याच्या पट्ट्या किती उरल्या, सलाईन आणि इंजेक्शने मुदतीतली आहेत ना, स्ट्रेचरचे पट्टे शाबूत आहेत ना, हे सारे स्वतःच्या हातांनी पाहायचे. आमच्या सेवेत चालकाला 'पायलट' म्हणतात. माझे पायलट माझ्याहून बरेच वडीलधारे असल्यामुळे मी त्यांना मामाच म्हणते. पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते, "मॅडम, डिझेल मी बघतो, ऑक्सिजन तुम्ही बघा. रस्त्यात दोन्ही मिळत नाहीत."

रुजू होण्यापूर्वी माझी समजूत होती, की आपल्याला मुख्यतः अपघात पाहावे लागतील. ते असतातच. गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्री रस्त्यावर असतात, आणि मागे लाल परावर्तक नसेल तर दुचाकीस्वाराला ते दिसत नाहीत. रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी द्यायला गेलेल्यांना सर्पदंश होतो. आषाढात तुकोबारायांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी पुढे सरकते, तेव्हा थकलेले, पाय सुजलेले, चक्कर आलेले वारकरी येतात. पण या सगळ्यापेक्षा अधिक वेळा आमची गाडी थांबते ती एखाद्या साध्या घरासमोर. आत पलंगावर सत्तरी ओलांडलेले माणूस असते आणि भोवती घाबरलेले चार चेहरे असतात.

हिंदुस्थानात १०८ या क्रमांकाची सेवा प्रथम २००५ मध्ये हैदराबादेत सुरू झाली. महाराष्ट्रात ती २०१४ मध्ये आली. तेव्हा राज्यभरासाठी ९३७ वाहने ठेवण्यात आली होती. त्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक प्रणालीची आणि ७०४ मूलभूत जीवरक्षक प्रणालीची होती. आपल्या राज्यातील या सेवेचे वैशिष्ट्य असे, की गाडीत डॉक्टर असतो. आपण फोन लावता तो पुण्यातील नियंत्रण कक्षात जातो. तेथून जवळच्या मोकळ्या गाडीला निरोप मिळतो. सेवेसाठी पैसे आकारले जात नाहीत. हे सारे पुष्कळांना ठाऊक आहे. तरीही फोन करायला उशीर होतो, आणि त्या उशिराविषयीच मला आज बोलायचे आहे.

"कशाला झोपमोड करायची?"

रुजू होऊन महिना झाला होता. पहाटे पाचच्या सुमारास निरोप आला: वय बहात्तर, उजवी बाजू हलत नाही. कालव्यापलीकडची वस्ती. मामांनी गाडी जमेल तेवढ्या वेगाने काढली. फाट्यावर मुलगा बॅटरी घेऊन उभा होता, त्यामुळे घर शोधावे लागले नाही. आजोबा खाटेवर डोळे उघडे ठेवून पडले होते. तोंड डावीकडे ओढलेले, उजवा हात निर्जीव, शब्द फुटत नव्हते. पक्षाघात स्पष्ट दिसत होता. मी विचारले, "शेवटचे नीट कधी बोलले?"

कुणीच उत्तर दिले नाही. मग आजी म्हणाल्या, "रात्री अकराला पाणी मागितलं. पेला हातातनं पडला. जीभ जड झाल्यागत बोलत होते. मी म्हटलं, पोराला हाक मारू का? तर हातानंच नको म्हणाले. सूनबाईला चारला उठून धारा काढायच्या असतात. म्हटलं, दिवसभर राबती बिचारी, कशाला झोपमोड करायची? सकाळी बघू."

सून दारात उभी होती. तिने तोंडाला पदर लावला. अकरा ते पाच, सहा तास. त्या सहा तासांत घरातील प्रत्येकाने दुसऱ्याची काळजीच केली होती. आजोबांनी सुनेची केली, आजींनी आजोबांच्या शब्दाची केली. कुणाचाही हेतू वाईट नव्हता. आणि त्या काळजीपोटीच उपचाराची सर्वांत मोलाची वेळ निघून गेली.

आम्ही आजोबांना सी.टी. स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात पोहोचवले. जीव वाचला. पण उजवा हात पूर्वीसारखा झाला नाही. त्या दिवशी पाळी संपल्यावर मी बराच वेळ गाडीतच बसून राहिले. आम्ही निरोप मिळताच निघालो होतो, वाटेत कुठेही रखडलो नव्हतो. तरीही आम्हाला सहा तास उशीर झाला होता. तो उशीर रस्त्यावर झालाच नव्हता. तो घरात, उंबऱ्याच्या आत झाला होता.

वेळेचे मोल कशासाठी?

मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली, की त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. उपचार न झालेल्या मोठ्या पक्षाघातात दर मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी नष्ट होतात, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. ही गुठळी विरघळवणारे इंजेक्शन उपलब्ध आहे. परंतु ते सर्वसाधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी सी.टी. स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. म्हणजे साडेचार तासांतच फोन, प्रवास, तपासणी आणि निर्णय हे सर्व बसवायचे असते. म्हणूनच मी 'शेवटचे नीट कधी बोलले' असे विचारते. रुग्ण झोपेतून उठतानाच लुळा असेल, तर घड्याळ तो झोपायला गेला तेव्हापासून धरले जाते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. वेळ उलटली म्हणून आता नेऊन काय उपयोग, असे कृपया समजू नये. काही निवडक रुग्णांना त्यानंतरही विशेष उपचार मिळू शकतात. शिवाय गिळताना ठसका लागणे, न्यूमोनिया होणे, पुन्हा झटका येणे यांपासून रुग्णाला सांभाळायचे असतेच. तसेच तोंड वाकडे झाले, हात जड झाला आणि दहा मिनिटांत सारे पूर्ववत झाले, तरी गप्प बसू नये. ती येऊ घातलेल्या मोठ्या झटक्याची पूर्वसूचना असू शकते.

हृदयविकाराचेही तसेच आहे. १९६६ साली आयर्लंडच्या उत्तर भागातील बेलफास्ट शहरात फ्रँक पँट्रिज नावाच्या हृदयरोगतज्ज्ञांनी हृदयरुग्णांसाठी डॉक्टर आणि यंत्रसामग्री असलेली गाडी थेट रुग्णाच्या घरी पाठवण्यास सुरुवात केली. हृदयविकाराने दगावणाऱ्यांपैकी पुष्कळ जण रुग्णालय गाठण्यापूर्वीच, पहिल्या काही तासांत दगावतात, हे त्यांच्या ध्यानी आले होते. त्यांनी तयार केलेले झटका देण्याचे पहिले यंत्र मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालत असे आणि त्याचे वजन सुमारे ७० किलो होते. आज माझ्या गाडीतील यंत्र मी एका हाताने उचलते. साठ वर्षांत यंत्र एवढे हलके झाले. मात्र ते आपल्या दारी आणण्यासाठी लागणारा एक फोन आजही आपल्यालाच करावा लागतो.

कोणत्या लक्षणांना 'सकाळी बघू' म्हणू नये?

पक्षाघातासाठी तीन गोष्टी पाहाव्यात. रुग्णाला हसायला सांगावे; तोंडाची एक बाजू खाली ओघळते का? दोन्ही हात समोर धरायला सांगावे; एक हात खाली येतो का? एक साधे वाक्य बोलायला सांगावे. शब्द अडखळतात का? यांपैकी एकही गोष्ट नव्याने दिसली, तरी घड्याळ पाहून फोन करावा. रुग्णाला पाणी, चहा, औषध काहीही तोंडाने देऊ नये. गिळण्याची क्रिया बिघडलेली असल्यास ते श्वासनलिकेत जाते. रक्तदाबाची जादा गोळी किंवा रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने देऊ नये. झटका गुठळीमुळे आला की रक्तस्रावामुळे, हे घरी बसून कुणालाही सांगता येत नाही.

हृदयविकारात छातीच्या मध्यभागी दडपण येते, ते जबडा, खांदा किंवा डाव्या हाताकडे जाते, दरदरून घाम फुटतो. पण वयस्कर मंडळींमध्ये, विशेषतः मधुमेही व्यक्तींमध्ये आणि स्त्रियांमध्ये, छातीत दुखेलच असे नाही. नुसता दम लागणे, एकाएकी गळून जाणे, मळमळ, वरच्या पोटात जड वाटणे एवढीच लक्षणे असू शकतात. आपल्याकडे याला हमखास 'गॅस' हे नाव मिळते. ओवा, सोडा, आम्लपित्ताचे पातळ औषध यांत तास निघून जातो. पूर्वी कधी न झालेला असा त्रास विश्रांतीनंतरही थांबत नसेल, तर तो गॅस आहे हे ठरवण्याचे काम हृदयाच्या आलेखावर सोपवावे. तोवर रुग्णाला टेकून बसवावे, चालवू नये, जिना चढू-उतरू देऊ नये. शेजाऱ्याने दिलेली जिभेखालची गोळी ठेवू नये. रक्तदाब आधीच खाली आलेला असेल तर ती घातक ठरते. अशी गोळी आपल्याच डॉक्टरांनी लिहून दिली असेल, तर गोष्ट वेगळी.

तिसरी बाब साखर कमी होण्याची. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेतले आणि जेवण चुकले, की घाम, थरथर, असंबद्ध बोलणे, चिडचिड आणि पुढे बेशुद्धी येते. एका एकादशीला निमगाव केतकीच्या बाजूने बोलावणे आले. आजींनी निर्जळी उपवास धरला होता, पण साखरेची गोळी मात्र नेमाने घेतली होती. आम्ही पोहोचलो तेव्हा त्या खाटेवर बसल्या होत्या, थकलेल्या पण शुद्धीवर. नववीत शिकणाऱ्या नातवाने त्यांचे बोलणे बिघडलेले पाहून घरच्या यंत्रावर साखर मोजली होती. ती ४८ भरली. आजी गिळू शकतात याची खात्री करून त्याने चार चमचे साखर पाण्यात घालून पाजली, १०८ ला फोन केला आणि पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा मोजून वहीत लिहून ठेवली. मी त्याला विचारले, हे कुठे शिकलास? तो म्हणाला, "आजीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. आजी विसरली, मी नाही विसरलो."

साखर ७० च्या खाली गेली, तर ती कमी समजावी. रुग्ण शुद्धीवर असेल तर साखर-पाणी द्यावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. आणि बरे वाटले तरी रुग्णालयात दाखवावे. मधुमेहाच्या काही गोळ्यांचा परिणाम दीर्घकाळ राहतो आणि साखर पुन्हा घसरते. आजी 'आता बरी हाय, कशाला दवाखाना' म्हणत होत्या. नातू आधी गाडीत चढून बसला, मग त्याही आल्या.

चौथी बाब पडण्याची. न्हाणीघरात पाय घसरून पडल्यावर घरची माणसे पहिली गोष्ट करतात ती काखेत हात घालून उभे करण्याची. तसे करू नये. एक पाय आखूड आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेले दिसत असेल, तर खुब्याजवळचे हाड मोडल्याची दाट शक्यता असते. रुग्णाला आहे तेथेच ठेवावे, अंगावर पांघरूण घालावे, पायाला दोन्ही बाजूंनी उश्यांचा आधार द्यावा. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर जखम दिसत नसली तरी तपासणी हवीच.

ती वीस-पंचवीस मिनिटे

फोन झाला, गाडी निघाली. शहरात ती लवकर येईल, वस्तीवर वीस-पंचवीस मिनिटे, क्वचित अधिकही लागतील. या वेळात आपण रिकाम्या हातांनी बसलेले असता, असे मुळीच नाही. माझे अर्धे काम आपण तेव्हाच करून ठेवू शकता.

फोनवर प्रथम गाव, वस्ती आणि सहज सापडणारी खूण सांगावी: मंदिर, शाळा, पाण्याची टाकी, कालव्याचा पूल. आपला मोबाइल दुसऱ्या कुणाला लावून अडकवून ठेवू नये. वाट विचारायला आम्ही त्यावरच फोन करतो. एका माणसाला फाट्यावर उभे करावे, रात्री त्याच्या हातात बॅटरी द्यावी. अंगणातील दिवा लावावा, कुत्रे बांधावे, दारातील दुचाकी बाजूला काढावी. या गोष्टी किरकोळ वाटतील. पण अंधारात एकसारख्या दिसणाऱ्या चार वस्त्यांपैकी आपली शोधण्यात जी मिनिटे जातात, ती यांमुळे वाचतात.

नंतर एका पिशवीत कागद भरावे: चालू औषधांच्या पट्ट्या, जुने डिस्चार्ज कार्ड, हृदयाचा जुना आलेख, आधार कार्ड. शक्य तर एका कागदावर ठळक अक्षरांत आजार, औषधे, कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे आणि मुलांचे दूरध्वनी क्रमांक आधीच लिहून ठेवावे. याबाबतची माझी स्वतःची चूक सांगते. सुरुवातीच्या दिवसांत एका रुग्णाची कुठली औषधे चालू आहेत हे विचारायचे मी घाईत विसरले. रुग्णालयात पोहोचल्यावर डॉक्टरांनी विचारले आणि मी निरुत्तर झाले. घरी फोन करून, गोळीचे नाव एकेक अक्षराने वाचून घेण्यात वेळ गेला. तेव्हापासून जिना उतरताना माझा प्रश्न ठरलेला असतो, "औषधांची पिशवी घेतली का?"

आणि एक प्रसंग असा, की ज्यात आमच्यासाठी थांबून चालत नाही. माणूस हाक मारून, खांदे हलवून प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर हृदय थांबले आहे असे समजावे. अशा वेळी अधूनमधून आचका दिल्यासारखा श्वास दिसतो. तो खरा श्वास नव्हे. १०८ ला फोन लावून तो स्पीकरवर ठेवावा. रुग्णाला कडक पृष्ठभागावर उताणे निजवावे. छातीच्या मध्यभागी एका तळव्यावर दुसरा तळवा ठेवून, कोपर ताठ ठेवून, छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जाईल असे दाब मिनिटाला १०० ते १२० या गतीने देत राहावे. थकल्यास दुसऱ्याने जागा घ्यावी. बरगडी मोडेल या भीतीने थांबू नये. बरगडी नंतर जुळते. घरातील तरुणांनी याचे प्रात्यक्षिक एकदा तरी शिकून घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मला जे पेलावे लागते

सर्वच कहाण्या नातवाच्या वहीसारख्या नसतात. माझ्या गाडीत पहिला मृत्यू झाला, तेव्हा आम्ही रुग्णालयापासून तीनच किलोमीटर दूर होतो. मी छाती दाबत होते, मामा गाडी न हिसकावता चालवत होते. मागे बसलेल्या मुलाने वडिलांचे पाऊल दोन्ही हातांत धरले होते. रुग्णालयात तेथील डॉक्टरांनीही प्रयत्न केले. मग ते थांबले. मुलाने मला विचारले, "मॅडम, अर्धा तास आधी फोन केला असता तर?"

या प्रश्नाला मी काय उत्तर द्यावे? खरे सांगायचे तर मला ठाऊक नव्हते. लवकर फोन केल्याने रुग्णाची शक्यता वाढते. पण या एका माणसाचे काय झाले असते, हे कुणीही सांगू शकत नाही. मी त्याला म्हणाले, "दादा, जे कळलं त्या क्षणी तुम्ही धावलात. शेवटपर्यंत त्यांच्या पायाशी होतात." ते खोटे नव्हते. परतीच्या वाटेवर मी गप्प होते. मामांनी भिगवणजवळ गाडी कडेला घेतली, चहा सांगितला आणि म्हणाले, "मॅडम, आपण गाडी आहोत, देव नाही. पण गाडी वेळेवर गेली पाहिजे." मग आम्ही स्ट्रेचर पुसले, चादर बदलली, संपलेल्या नळकांड्याची नोंद केली. पुढचा निरोप कधीही येऊ शकत होता.

घरी गेल्यावर आई फक्त "जेवलीस का?" एवढेच विचारते. मला ते पुरते. पण त्या रात्री मी माझ्याच आजीच्या खोलीत डोकावले. ती ऐंशी वर्षांची आहे. मी तिला विचारले, "रात्री काही झालं तर मला उठवशील ना?" ती हसून म्हणाली, "तू दमून येतेस गं. तुला कुठं उठवू?" दुसऱ्यांच्या दारी रात्री-अपरात्री धावणारी मी; आणि माझ्याच घरात तेच उत्तर मिळाले.

म्हणून सेवा करणाऱ्या लेकी-सुनांना, मुलांना दोन शब्द सांगावेसे वाटतात. उशीर झाला असेल, तर त्याचे ओझे एकट्याने वाहू नका. वडीलधाऱ्यांनी त्रास लपवला, तो आपल्यावरील मायेपोटी. पण ती माया त्यांनी अशा रीतीने दाखवू नये, एवढे त्यांना आपणच सांगायला हवे, आणि ते आजारपण येण्यापूर्वी सांगायला हवे. 'काही लागलं तर सांगा' हे वाक्य आपण रोज म्हणतो. ते वडिलांना औपचारिक वाटते. त्याऐवजी स्पष्ट म्हणावे, 'छातीत, बोलण्यात, हातापायांत काहीही वेगळं वाटलं, तर दोन वाजले असले तरी मला उठवायचं. नाही उठवलं, तर मला वाईट वाटेल.' आणि एकदा खरोखर उठवले आणि काहीच निघाले नाही, तर कपाळाला आठी घालू नये. त्या एका आठीमुळे ते पुढच्या वेळी हाक मारत नाहीत.

आणि आजी-आजोबा, आपल्याला माझी हात जोडून विनंती आहे. आपण आयुष्यभर दुष्काळ पाहिला, पाण्याच्या पाळ्या धरल्या, कुणाला त्रास न देता संसार ओढला. दुसऱ्याला तोशीस न देणे हा आपला स्वभाव झाला आहे, आणि तो थोर आहे. परंतु रात्रीची एक हाक ही तोशीस नव्हे. एका रात्रीची झोपमोड सूनबाई दुपारी भरून काढतील. सहा तासांचा उशीर कुणालाच भरून काढता येत नाही. आम्हालाही बोलावताना संकोच करू नका. गाडी आली आणि त्रास साधाच निघाला, तर आम्ही आनंदाने परत जातो; परतताना मामांचा चहा अधिक गोड लागतो.

कालव्यापलीकडच्या त्या वस्तीवर मी गेल्या महिन्यात पुन्हा गेले. बोलावणे शेजारच्या घरचे होते. रुग्णाला गाडीत घेऊन निघताना त्या सूनबाई दिसल्या. आजोबा ओसरीवर काठी टेकून उभे होते. घाईत दोनच वाक्ये झाली. त्यांनी खाटेकडे बोट दाखवले. खाटेच्या डाव्या माचव्याला बैलाच्या गळ्यातील जुनी घंटा बांधली होती. "डावा हात चालतोय त्यांचा," त्या म्हणाल्या. "परवा रात्री दोनदा वाजवली. एकदा पाणी पाहिजे होतं. एकदा नुसतीच, मी उठते का बघायला."

"मग?" मी विचारले.

"उठले की," त्या म्हणाल्या.